अस्पर्श म्हणे!

लेक पॉवेलवरच्या हाउसबोटीची रील टाकताना माझ्या मित्राने खाली लिहिलं, ‘अस्पर्श निसर्ग. नेटवर्क शून्य.’ दुसरं वाक्य खरं होतं. पहिल्यावरून आमचं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

युटा-ॲरिझोनाच्या वाळवंटातला हा तलाव म्हणजे कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचा फुगवटा. १९६३ साली धरणाने पाणी अडवलं, तो पूर्ण भरायला १९८० उजाडलं. एक अख्खी घळई तिच्या कपारींसकट, जुन्या वस्त्यांच्या अवशेषांसकट बुडाली.

पण हे कळायला इतिहास कशाला हवा? एक रात्र बोट बांधून बघा. आधी उजेड आहे तोवर वाळूचा काठ शोधायचा, कारण बाकी सगळीकडे गुळगुळीत खडक, त्यात नांगर धरत नाही. बोटीचं नाक वाळूवर चढवायचं, एकाने इंजिन पुढच्या गिअरमध्ये धरून ठेवायचं, बाकीच्यांनी फावडी घेऊन खड्डे खणायचे. मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोर तिरपे काठावर आणायचे आणि नांगर चक्क पुरायचे. (आयुष्यभर कीबोर्ड बडवलेल्या हातांना दुसऱ्याच खड्ड्याला फोड येतात.) रात्री वारा सुटतो, दोर करकरतात, कुणीतरी टॉर्च घेऊन उठतं. टॉर्च वर मारली की भिंतीवर पांढरा पट्टा दिसतो. पूर्वी पाणी तिथवर होतं, त्याचा क्षार. २०२३च्या वसंतात पातळी पूर्ण भरलेल्या तलावापेक्षा सुमारे १८० फूट खाली होती.

आणि पाणी रोज हलतं. धरणातून किती सोडायचं हे सरकारी खातं ठरवतं. निघण्याआधी आम्ही पातळीचे आकडे बघितले होते, ते याच भावाने. अस्पर्श!

तलावाचा दक्षिण काठ बहुतांशी नवाहो लोकांच्या भूमीला लागून आहे. तिथल्या कित्येक घरांत अजून नळ नाही, पाणी गाडीतून वाहून आणतात. त्यांच्या पाण्याची तजवीज करायला सरकार बांधील नाही, असा निकाल २०२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. त्याच पाण्यावर आमची बोट, बोटीवर फ्रीज, बार्बेक्यू.

मित्र म्हणाला, “तू फिरायला आलायस की मोर्चाला?” फिरायलाच आलो होतो. छतावर झोपलो, इतके तारे जन्मात पाहिले नव्हते. पुन्हाही जाईन. माझा राग त्या एका शब्दावर आहे. तो लिहिला की धरण, बुडालेली घळई, काठावरची माणसं, सगळं फ्रेमबाहेर. आपल्याकडे तापोळ्याला तंबू ठोकून ‘मिनी काश्मीर’ लिहितो, ते ह्याच जातीचं. तो शिवसागर कोयनेचा जलाशय आहे, आणि धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसत आलेत.

सकाळी पाणी वीतभर मागे गेलं होतं. नांगर उपसले, एकाने इंजिन रिव्हर्समध्ये टाकलं, पाच जणांनी रेटा दिला, तेव्हा कुठे बोट सुटली. रीलमध्ये तेवढं नाही.