ओटीपी कुणाला सांगू नका, पण दिसतच नसेल तर?

काचबिंदूमुळे दृष्टी गेलेले एक काका माझ्याकडे तपासणीला येतात. मोबाईल सराईतपणे वापरतात. अँड्रॉइड फोनमधली ‘टॉकबॅक’ ही सोय पडद्यावरचा मजकूर त्यांना वाचून दाखवते. मागच्या वेळी मात्र वैतागून म्हणाले, “डॉक्टर, पैसे पाठवताना वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला सांगतात. ती टॉकबॅक वाचत नाही. मग शेजारच्या मुलाकडे फोन देतो. पासवर्डही तोच टाकतो.”

पासवर्ड, ओटीपी कुणालाही सांगू नका, असं आपण सगळ्यांना बजावतो. इथे मात्र कुलूपच त्यांना किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायला लावतंय.

त्या वाकड्या अक्षरांना ‘कॅप्चा’ म्हणतात. यंत्राला वाचता येऊ नये म्हणूनच ती तशी असतात. पण टॉकबॅक हेही यंत्रच! म्हणून ऐकून भरता येईल असा पर्याय सोबत हवा. केवायसी करताना ‘डोळे मिचकावा’ अशी सूचना येते, तिथेही हीच अडचण. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगून, केवायसी अंध व्यक्तींनाही करता येईल अशी करण्याचे निर्देश दिले. आता ते प्रत्येक अॅपमध्ये उतरायला हवेत.

अफवांचंही तसंच. ‘हे थेंब घाला, गेलेली नजर परत येईल’ हा टाईप केलेला मेसेज काकांना ऐकू येतो. त्याचा खुलासा चित्राच्या स्वरूपात आला, तर बऱ्याचदा फक्त ‘फोटो’ एवढंच ऐकू येतं. म्हणजे खोटं पोचतं, खरं पोचत नाही. ही चूक आम्ही डॉक्टरही करतो. मीही नुसती पोस्टर पाठवत असे. आता खाली तोच मजकूर टाईप करतो.

घरच्यांनी एवढं करावं: ओटीपी ऐकण्यासाठी इअरफोन द्या, फोनचं लॉक त्यांच्याच बोटाच्या ठशाने उघडेल असं ठेवा, चित्र पाठवताना दोन ओळी लिहा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

नजर गेली म्हणून माणसाचा खासगीपणा जाऊ नये. त्यांना मदतनीस नको आहे, स्वतः उघडता येईल असं कुलूप हवं आहे.