बोटांच्या ठशांवरून मुलाचं करिअर ठरवू नका!

मागच्या आठवड्यात दिघ्यातली एक आई दवाखान्यात आली, ती मुलाच्या तापासाठी नव्हे, तर एक चकचकीत फाईल घेऊन. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन कुणीतरी लिहून दिलं होतं, 'गणिताची बुद्धी कमी. सायन्सला घालू नका.' मुलगा सातवीत, गणित त्याचा आवडता विषय. फाईल आल्यापासून त्याने गणिताची वही उघडलेली नाही.

स्पष्टच सांगतो, ही 'डीएमआयटी' चाचणी म्हणजे विज्ञानाच्या कपड्यातलं हस्तसामुद्रिक आहे. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, साधारण पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. मूल पुढे काय शिकणार, हे त्या कसं सांगणार? इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं आहे.

"पण डॉक्टर, रिपोर्टमधलं बरंच जुळतं हो!" जुळणारच. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर वाटला. विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! हा प्रयोग १९४९ साली प्रसिद्ध झाला; आपण आजही तसेच फसतो.

मग चाचणी ओळखायची कशी? दोन प्रश्न विचारा.

१. पुन्हा दिली तर तेच उत्तर येतं का? सोळा प्रकारांत माणसं बसवणाऱ्या 'एमबीटीआय'मध्ये काही आठवड्यांत अनेकांचा प्रकार बदलतो.

२. जे मोजायचा दावा आहे, तेच मोजते का? वजनकाटा रोज तोच आकडा दाखवेल, म्हणून त्यावर बीपी कळत नाही. ठशांचंही तेच.

सगळ्याच चाचण्या टाकाऊ नाहीत. राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीसाठी कल चाचणी सुरू केली. पण कल म्हणजे आवड. आवड म्हणजे क्षमता नव्हे. अशा चाचणीचा निकाल घरात बोलणं सुरू करायला चांगला, निर्णय संपवायला नाही.

मूल खरंच अभ्यासात अडखळत असेल तर आधी डोळे आणि कान तपासा. शंका उरली तर अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करा. ती सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात होते.

आणि शाळांनो, क्लासवाल्यांनो, पालकसभेत असे स्टॉल लावू देऊ नका. पैसे पालकांचे जातात, पण 'तुला जमणार नाही' हा शिक्का मुलाच्या मनावर बसतो. तो पुसायला आम्हाला वर्षं लागतात.