वळवाची वीज, मोबाइलचा बोर्ड आणि एक हिरवा थेंब

वळवाचा पाऊस आपल्याला नवा नाही. आधी वारा, मग कडकडाट, मग लाइट गायब. गेल्या उन्हाळ्यात नांदेडमध्ये अशीच गेलेली लाइट झटक्यात परत आली आणि चार्जिंगला लावलेला माझा मोबाइल बंद पडला. इंटर्नशिपसाठी घेतलेल्या दोन मुलाखती त्यातच होत्या.

दुरुस्तीवाल्या दादांनी बोर्ड उघडला, केसासारखी बारीक जंपर वायर जोडली, तिच्यावर हिरव्या पेस्टचा थेंब ठेवला आणि वर जांभळा दिवा धरला. थोड्याच वेळात थेंब कडक! वायर हलू नये, शॉर्ट होऊ नये म्हणून हे करतात, असं त्यांनी सांगितलं. मुलाखती वाचल्या, पण तो थेंब काही डोक्यातून जाईना.

त्या पेस्टमध्ये प्रकाश पडला की जागं होणारं रसायन असतं. ते सुट्या रेणूंची घट्ट जाळी विणतं, म्हणजेच पॉलिमर बनतो. दातांचे डॉक्टर निळ्या प्रकाशाखाली सिमेंट भरतात, तेही याच तत्त्वावर. भट्टी लागत नाही, त्यामुळे नाजूक चिप तापत नाही.

आता या पेस्टमध्ये नॅनोकण मिसळा. सिलिकाचे कण घातले तर थर रोधकच राहतो. ग्राफिन घातलं, तर एका मर्यादेनंतर कणांची साखळी जुळते आणि थरातून वीज वाहू लागते. झिंक ऑक्साइडची गंमत वेगळीच. पुरेसे कण असले की ते विष्णुपुरीच्या दरवाजांसारखं वागतं. एरवी बंद, पण व्होल्टेजचा पूर आला की उघडतं, जादा वीज अर्थिंगकडे सोडतं आणि पुन्हा बंद होतं. स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर याच गुणावर चालतो.

धोका फक्त आभाळातून येत नाही. कोरड्या हवेत दाराच्या कडीला हात लावताना जी ठिणगी जाणवते, ती साधारण ३,००० व्होल्टची असते. काही चिप १०० व्होल्टच्या आतच मरतात.

मग हा थर सगळीकडे का नाही? कण वाढवले की ते प्रकाश अडवतात, खालचा भाग कच्चा राहतो. कच्च्या थरात ओल शिरली की रोधकपणा घटतो. शिवाय काही कणांमुळे थराची धारकता वाढते आणि वेगवान डेटा सिग्नल बिघडतो. थर फार कडक असेल तर दुरुस्तीवाल्या दादांनाही तो खरवडता येत नाही, म्हणजे ई-कचऱ्यात भर. कोणती वस्तू किती दुरुस्त होऊ शकते, हे ग्राहकाला कळावं यासाठी निर्देशांक ठरवायला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये समिती नेमली. संरक्षण आणि दुरुस्ती यांची ही ओढाताण तिथपर्यंत पोचायला हवी.

दुसरी बातमी पैशांची. २८ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग देशात बनवण्यासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मोबाइल आपण जोडतो, पण आतले बरेच भाग अजून बाहेरून येतात. प्रश्न असा, की यात आपण कुठे? लातूर पॅटर्नने बारावी गाजवायची आणि पुढे पुण्याची गाडी पकडायची, एवढंच का?

चिपचा कारखाना उभारायला हजारो कोटी लागतात. पण अशा थराच्या प्राथमिक अभ्यासाला रेझिन, नॅनोपावडर, यूव्ही दिवा आणि विजेचे गुणधर्म मोजणारी उपकरणं एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. तुम्ही फिजिक्स किंवा केमिस्ट्रीला असाल, तर प्रोजेक्टसाठी गाइडसमोर हा विषय ठेवून तर बघा. आपल्याकडची धूळ, उन्हाळा आणि वळीव यांत असा थर किती टिकतो, हे तपासायला आपल्याहून चांगली जागा कुठली?

आणि आज रूमवर गेलात की एक करा. प्लगची तिसरी पिन कापलेली नाही ना, आणि बोर्डाला खरंच अर्थिंग आहे का, हे घरमालकांना विचारा. अर्थिंगच नसेल तर स्पाइक गार्डने जादा वीज सोडायची कुठे? जवळ पडलेली वीज तर कुठलाच नॅनोथर अडवणार नाही. आभाळ गडगडायच्या आधीच चार्जर काढलेला बरा. मी आता तेच करते.