लाल लघवीला रक्ताच्या पॅकेजचा उतारा नको

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जालना
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, जालना

विषय : मूत्राशयाचा कर्करोग, शिबिरांतली 'मार्कर पॅकेजं' आणि दुर्बिणीची तपासणी

महोदय,

वडीगोद्रीच्या नाक्यावर रक्त-लघवी तपासण्याची माझी छोटी लॅब आहे. गाव धुळे-सोलापूर महामार्गावरचं, त्यामुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांचे पेशंट इथेच उतरतात. अलीकडे काउंटरवर एक मागणी वाढली आहे : "कॅन्सर रक्तातून कळतो ना? मग तेवढं बघून टाका." शिबिरांतून 'कॅन्सर मार्कर'ची पॅकेजं खपवली जातात, त्याचा हा परिणाम. ती मलाही विकता येतील आणि साध्या सीबीसीपेक्षा त्यांत पैसा बराच सुटेल. तरीही मी त्यांच्या विरोधात लिहितोय.

मूत्राशयाच्या कर्करोगापुरतंच बोलतो. २०२२ साली जगभरात याचे सहा लाखांहून जास्त नवे रुग्ण निघाले. बायकांपेक्षा पुरुषांत तो कितीतरी जास्त, आणि सगळ्यांत मोठं कारण विडी-सिगारेट. धुरातली विषारी द्रव्यं फुप्फुसातून रक्तात उतरतात, मूत्रपिंड ती गाळून काढतं आणि लघवीबरोबर ती मूत्राशयात तासन्‌तास साचून राहतात. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा आजार जडतो, हे लुडविग रेन या जर्मन सर्जनने १८९५ सालीच दाखवून दिलं होतं. पण तो आहे की नाही, हे एकट्या रक्तावरून खात्रीने सांगेल अशी चाचणी आजही दवाखान्यात नाही. पॅकेजमधले सीईए, सीए-१२५, सीए १९-९ हे तर त्या कामाचेच नाहीत.

मग संशोधक रक्तात शोधतात तरी काय? त्यातला एक आकडा माझ्या रोजच्या सीबीसीतच असतो. समजा, न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १२ टक्के आले. भागाकार साडेसहा. मूत्राशयाचा कर्करोग झालेल्यांमध्ये हा भागाकार चढा असला, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन उतरलेलं असलं, सीआरपी वाढलेलं असलं, तर आजार पुढे सरकलेला असण्याची शक्यता जास्त, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. मात्र तोच साडेसहा न्यूमोनियात येतो, पिकलेल्या गळवाने येतो, स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही येतो. उलट सुरुवातीच्या गाठीत सीबीसी अगदी नॉर्मल निघू शकतो. म्हणजे या आकड्याने निरोगी माणूस घाबरायचा आणि आजारी माणूस निर्धास्त व्हायचा.

मूत्राशय काढून टाकल्यावर रक्तात गाठीचा डीएनए उरला आहे का ते पाहून पुढचं औषध ठरवायचं, या मार्गाचे चांगले निकाल २०२५ मध्ये जाहीर झाले. पण तीसुद्धा निदान होऊन ऑपरेशन झालेल्यांची गोष्ट आहे. आमची माणसं अडतात ती निदानाच्याच उंबरठ्यावर.

ती कशी अडतात ते सांगतो. लघवी लाल झाली की पहिलं निदान घरात होतं : उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. दुसरं निदान शेजारी करतो : मुतखडा असेल. उन्हाळीत जळजळ होते, खड्याने कळ येते. या कर्करोगाचं रक्त मात्र बऱ्याचदा काहीही न दुखता येतं आणि आपोआप थांबतं. थांबलं की माणूस कामाला लागतो. बायकांना तर 'इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स दिले जातात. लघवीचा नमुना फिरवून, खालचा गाळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर एका क्षेत्रात तीन किंवा जास्त लाल पेशी दिसणं हा इशारा आहे. लघवीत बुडवायच्या नुसत्या पट्टीवर मात्र विसंबू नये. अतिश्रमाने स्नायू झिजले तरी ती रंग बदलते, आणि इथे ऊसतोड करणारी माणसं थोडी नाहीत.

चाचणी लोकांपर्यंत न्यायच्या आधी ती कशी पारखायची, याचा धडा मराठवाड्यानेच जगाला दिला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांची तुलना झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ साली छापून आलं. त्या कसोटीला मूत्राशयासाठीचा रक्तातला एकही मार्कर अजून उतरलेला नाही. तरी तो आमच्याच गावांत का विकला जावा?

म्हणून मागण्या चारच :

१. मार्कर पॅकेज विकणाऱ्या शिबिरांना सरकारी इमारत, सरकारी नाव आणि आशाताईंची मदत देऊ नका.

२. "लघवीतून कधी रक्त गेलं का, न दुखता?" हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ द्या, विडी ओढणाऱ्यांना आधी.

३. चाळिशीपुढच्या माणसाला एकदा जरी असं रक्त गेलं, तरी गाळाची तपासणी आणि सोनोग्राफी करून त्याला मूत्राशयाच्या दुर्बिणीच्या तपासणीला (सिस्टोस्कोपी) पाठवा. सोनोग्राफीत लहान गाठ निसटू शकते. 'सोनोग्राफी नॉर्मल' या शेऱ्यावर फाइल बंद करू नका. इन्फेक्शन निघालं तर उपचारानंतर लघवी पुन्हा तपासा.

४. ही दुर्बीण जालन्यात कोणत्या वारी होते, होत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला कुणाकडे जायचं आणि महात्मा फुले योजनेसाठी कोणते कागद लागतात, याचा फलक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावा. चिठ्ठीबरोबर सीबीसीचा रिपोर्टही जाऊ द्या. निदान पक्कं झाल्यावर डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

यातल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही. लागतो तो आपल्या सहीचा आदेश. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, मग ती माणसं पाच-सहा महिने कुणाच्याच हाती लागत नाहीत. आदेश त्याआधी निघावा.

आपला,
वडीगोद्रीचा एक लॅब तंत्रज्ञ