व्यसन : पाप की आजार?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरील उत्पादन शुल्क वाढवले. भाव वाढल्याने पिणे कमी होईल का, यावर भरपूर चर्चा झाली. पण ज्याला दारू सोडायची आहे आणि सुटत नाही, त्याचा प्रश्न मागेच राहिला. त्याला पापी म्हणायचे की रुग्ण?

परभणी जिल्ह्यात दारू सोडायची म्हटले की कोणी माळ घालतो, कोणी देवापुढे शपथ घेतो. ख्रिस्ती कुटुंबे अशा माणसाला प्रार्थनेला नेतात. तिथे कबुली होते, पश्चात्ताप होतो. तरी काही दिवसांत तो पुन्हा प्यायला, की ‘याची श्रद्धाच खोटी’ असा शिक्का बसतो.

खरे तर इच्छा एक आणि कृती दुसरी, हा झगडा ख्रिस्ती धर्माला नवा नाही. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो स्वतःविषयीच मांडला आहे. कॅथलिक चर्चची १९९२ ची धर्मशिकवणही सांगते, की सवय, भीती किंवा मानसिक कारणांमुळे माणसाच्या कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते.

जीवशास्त्र या झगड्याची जागा दाखवते. दारूने मेंदूत डोपामाइन वाढते आणि ‘पुन्हा हवे’ ही ओढ पक्की होते. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा असतो. म्हणजे ओढ माणसाने निवडलेली नसते. मात्र मदत घ्यायची की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात असते. इथे विज्ञान आणि श्रद्धा एकमेकांच्या आड येत नाहीत.

‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हे त्याचे उदाहरण. १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, अशा दोन व्यसनी माणसांनी ही चळवळ सुरू केली. तिची पावले ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून आली, आज मात्र तिथे कोणत्याही धर्माचा माणूस बसतो. २०२० मध्ये कोक्रेन संस्थेने २७ अभ्यास तपासले. वर्षभर पूर्ण दारूमुक्त राहण्यात ही पद्धत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरली.

पण एक धोका ओळखायलाच हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथेच्या जोरावर एकदम दारू तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हात थरथरणे, दरदरून घाम, भास आणि भ्रम सुरू होऊ शकतो. नातेवाइकांना हे भूतबाधा किंवा सैतानाचे काम वाटते. प्रत्यक्षात दारूने दाबून ठेवलेला मेंदू अचानक उसळलेला असतो. उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो; वेळेवर औषधे आणि थायमिन मिळाल्यास बहुतेक रुग्ण सावरतात.

म्हणून शपथ जरूर घ्यावी, पण त्याआधी डॉक्टरांना भेटावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयात उपचार मिळतात. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला मोफत आहे. धर्मगुरू, कीर्तनकार यांनी शपथ देताना ‘दवाखान्यात दाखवले का?’ एवढे विचारले, तरी पुष्कळ घरे वाचतील. आणि डॉक्टरांनीही रुग्णाच्या श्रद्धेला हसू नये. औषधाने थरथर थांबते. पुढची वर्षे दारूविना काढायला मात्र जगण्याचे कारण आणि सोबतीला माणसे लागतात.