नव्याचे नऊ दिवस संपल्यावर...

१६ जून २०१८. हवाईमधल्या ‘अ‍ॅटलास’ दुर्बिणीला आकाशात एक नवा ठिपका दिसला. अशा ठिपक्यांना अक्षरांच्या क्रमाने नावं मिळतात. याच्या वाट्याला आलं ‘एटी२०१८काऊ’. झालं! सगळे त्याला ‘काऊ’, म्हणजे गाय म्हणू लागले.

नाव गमतीचं, पण कोडं अवघड. नेहमीचा सुपरनोव्हा पूर्ण तेजाला पोचायला दोन-तीन आठवडे घेतो. पुढे तो मंद होतो, तेही ठरलेल्या हिशेबाने. स्फोटात बनलेल्या किरणोत्सारी निकेलचं कोबाल्ट आणि कोबाल्टचं लोखंड होत जातं, त्या ऊर्जेवर तो चमकतो. सुमारे २० कोटी प्रकाशवर्षं दूरची ही ‘गाय’ मात्र काही दिवसांतच कळसाला पोचली, नेहमीच्या सुपरनोव्हापेक्षा कितीतरी जास्त चमकली आणि झपाट्याने उतरली. निकेलचा हिशेब इथे जुळेना. मग आतलं इंजिन कोणतं?

याचे धागे मिळाले ते बातमी जुनी झाल्यावर. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने स्फोटानंतर ११व्या ते ५७०व्या दिवसापर्यंत तिथून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपल्या. स्फोटाची धक्कालहर भोवतीच्या वायूवर आदळली की या लहरी निघतात. ती जितकी लांब जाते, तितका आधी फेकला गेलेला वायू तिला भेटतो. म्हणजे आपण जितके जास्त दिवस बघू, तितका ताऱ्याचा जुना इतिहास हाती येतो. भारी आहे ना? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शेवटच्या दोनेक दशकांत ताऱ्याने वायू फेकण्याचं प्रमाण प्रचंड वाढवलं होतं.

हबलने दोन ते चार वर्षांनी त्याच जागी पाहिलं, तर अतिनील प्रकाशाचा ठिपका अजून तिथेच! कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या चकतीकडे तो बोट दाखवतो. हे कृष्णविवर त्या स्फोटातच जन्मलं, की आधीच्याच एका कृष्णविवराने तारा फाडून खाल्ला, यावर वाद सुरू आहे. याच जातीच्या, २०२२ मधल्या ‘टास्मानियन डेव्हिल’ने तर साधारण १०० दिवसांनी मिनिटभराचे झगमगाट केले, तेही मूळ स्फोटाइतके तेजस्वी. म्हणजे इंजिन तेव्हाही चालूच होतं.

आता मुद्दा. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं जून २०२५ मध्ये आली. अशा घटनांचा शोध आता कित्येक पटींनी वाढणार आहे. पण मोठ्या दुर्बिणींचा वेळ मोजकाच. रोज नवं काही सापडत असताना तीन वर्षांपूर्वीच्या विझलेल्या ठिपक्यासाठी रात्र कोण देणार? ती दिली नाही, तर हजारो स्फोटांची यादी तयार होईल, पण ते का झाले हे कळणार नाही.

इथे तुम्हालाही जागा आहे. जीएमआरटीची निरीक्षणं ठरावीक काळानंतर सगळ्यांसाठी खुली होतात. नव्याचे नऊ दिवस सगळेच बघतात. पाचशेसत्तराव्या दिवशी बघणारे हवेत.