भाव सांगणारी माणसे

आमच्या ताईच्या घरी पत्र्याचा एक मोठा डबा आहे. एके काळी त्यात दिवाळीचा चिवडा असे. 2000 साली भाऊजी वीज मंडळातून निवृत्त झाले आणि त्या डब्यात वर्तमानपत्रांच्या शेअरबाजार पानांची कात्रणे साठू लागली. अमुक कंपनी, आजचा भाव इतका, वर्षभरात होईल इतका. यातल्या दुसऱ्या आकड्याखाली भाऊजी लाल शाईने रेघ मारत. त्याला 'टार्गेट' म्हणतात हे मला त्यांनीच शिकवले. मी बँकेतला माणूस. मुदत ठेवीपलीकडे माझी उडी कधी गेली नाही. भाऊजींनी मात्र भविष्यनिर्वाह निधीतले तीन लाख रुपये सॉफ्टवेअर कंपन्यांच्या शेअरांत घातले. 2001 चा मार्च उलटला तेव्हा त्यांचे साठ हजारही उरले नव्हते. ताई एका शब्दाने बोलली नाही. भाचीचे लग्न तेवढे दोन वर्षे पुढे गेले.

भाऊजींना कुणी फसवले, असा प्रश्न मी तेव्हा फार संतापाने विचारत असे. आज वाटते, प्रश्नच चुकीचा होता. ते आकडे लिहिणारा माणूस लबाड असेलच असे नाही. चांगला शिकलेला, कंपन्यांचे ताळेबंद रात्र रात्र वाचणारा असा कुणी तरुण विश्लेषक असेल. त्याचा अंदाज छापून येतो, चार मोठे गुंतवणूकदार त्यावर खरेदी करतात, भाव वाढतो आणि वाढलेला भाव पाहून लोक म्हणतात, बघा, पोराचे बरोबर होते! अंदाजाने स्वतःलाच खरे करून घेतलेले असते. हवामान खात्याने पाऊस सांगितला म्हणून ढग येत नाहीत. बाजारात मात्र येतात.

आणि आले नाहीत तर? 1981 साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचे उदाहरण पाहा. 10 एप्रिल 2003 या एका दिवसात तिचा भाव सुमारे पाव हिश्शाने कोसळला. कंपनी बुडत होती का? मुळीच नाही. नफा आदल्या वर्षापेक्षा वाढलाच होता. पण पुढच्या वर्षाबद्दल कंपनीने स्वतः सांगितलेला अंदाज विश्लेषकांनी बांधलेल्या अंदाजापेक्षा कमी निघाला. पोरगा पंचाहत्तर टक्क्यांनी पास झाला, पण शेजाऱ्यांनी नव्वद धरले होते म्हणून घरात सुतक, तशातली गत.

हे न्यूयॉर्कलाही होते. तिथल्या दहा बड्या पेढ्यांनी विश्लेषकांच्या पक्षपाती शिफारशींच्या प्रकरणात 2003 साली सुमारे 140 कोटी डॉलर मोजून सुटका करून घेतली. पण आपल्यासारख्या बाजारात त्याचा दणका जास्त बसतो. जागतिक बँकेच्या वित्त महामंडळातले अँटोइन व्हॅन ॲगटमाएल यांनी 1981 साली अशा देशांना 'उगवत्या बाजारपेठा' हे गोंडस नाव दिले. या बाजारांची एक अडचण अशी, की कंपनीचे निम्मे, कधी त्याहूनही जास्त शेअर प्रवर्तकाच्या घरात कुलूपबंद असतात. उरलेल्यांतले थोडेच रोज हातातून हातात फिरतात. उथळ पाण्यात दगड टाकला की तळापासून गढूळ होते. त्यात 1992 पासून परदेशी संस्थांना आपला बाजार खुला झाला. लंडनला बसलेल्या माणसाने चाकणचा कारखाना पाहिलेला नसतो. तो अहवाल वाचतो. दुसराही तोच वाचतो. मग आत येताना सगळे एकदम येतात आणि जाताना एकाच दाराशी चेंगराचेंगरी होते.

कलोक चॅन आणि अलाउद्दीन हमीद या दोन अभ्यासकांनी 2006 साली अशाच बाजारांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. आपली समजूत अशी, की विश्लेषक जितके जास्त तितकी त्या कंपनीची स्वतंत्र माहिती भावात जास्त उतरते. त्यांना आढळले उलटेच. ज्या शेअरांवर अधिक विश्लेषक लक्ष ठेवून होते, ते एकूण बाजाराच्या लाटेबरोबर अधिक हलत होते. म्हणजे कंपनीच्या आतले कमी आणि देशाच्या हवेचे जास्त. मला यात नवल वाटत नाही. कारखान्यात जाऊन गोदाम तपासण्यापेक्षा व्याजदर आणि पावसावर लिहिणे सोपे.

सत्यमचेच पाहा. विश्लेषकांचा मोठा ताफा या कंपनीमागे होता. पण ताळेबंदातली हजारो कोटींची रोकड अस्तित्वातच नाही, हे जगाला कळले ते 7 जानेवारी 2009 रोजी, खुद्द अध्यक्षांच्या पत्रातून. त्या दिवशी भाव तीन चतुर्थांशाहून जास्त घसरला.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. 'विका' असे सांगणारा अहवाल इतका दुर्मीळ का? कारण उघड आहे. कंपनीला दुखावले तर पुढच्या वेळी तिचा वित्त अधिकारी फोन उचलत नाही. शिवाय पेढीच्या दुसऱ्या खोलीत त्याच कंपनीच्या नव्या शेअरविक्रीचे काम मिळवण्याची खटपट चालू असते. म्हणूनच पेटीएमची गोष्ट लक्षात राहते. 2150 रुपयांना विकलेला तो शेअर 18 नोव्हेंबर 2021 ला बाजारात आला, तेव्हा मॅक्वायरी या पेढीने त्याची किंमत 1200 रुपये ठरवली. पहिल्याच दिवशी भाव सुमारे सत्तावीस टक्के पडला. त्या अहवालावर तेव्हा चिडलेले लोक मला आठवतात. मला तो अहवाल म्हणजे या धंद्यावरचा विश्वास थोडा तरी परत आणणारी गोष्ट वाटली.

'सेबी'ने 2014 साली नियम केले. विश्लेषकाने नोंदणी करायची आणि आपण शिफारस केलेल्या शेअरात अहवालाच्या आधी तीस दिवस व नंतर पाच दिवस स्वतः व्यवहार करायचा नाही. नियम चांगलेच आहेत. पण तोवर भाव सांगणारी माणसे पेढ्यांतून उठून थेट फोनमध्ये शिरली होती. यूट्यूबवर चित्रफिती टाकून फुटकळ कंपन्यांचे भाव फुगवल्याच्या प्रकरणांत 'सेबी'ला मार्च 2023 मध्ये आदेश काढावे लागले. 2024 अखेर देशात डीमॅट खाती अठरा कोटींच्या वर गेली होती. म्हणजे असे किती डबे, हिशेब करा.

गेल्या महिन्यात ताईकडे गेलो होतो. भाऊजी आता ऐंशी ओलांडून पुढे गेले आहेत. त्याच भाचीचा मुलगा सुट्टीला आला होता. पहिल्या नोकरीचा पहिला पगार गुंतवायचा म्हणून उत्साहाने आजोबांना फोन दाखवत होता. हे टार्गेट, ते टार्गेट. भाऊजींनी चष्मा वर सारला आणि शांतपणे विचारले, "यात 'विका' म्हणून सांगितलेलं एक तरी दाखव बघू."

पोरगा बराच वेळ अंगठ्याने पडदा वर सरकवत राहिला. ताईने मध्येच येऊन चहा ठेवला, तरी त्याचे शोधणे चालूच होते.